नदीची वाट आणि वाटेच्या खुणा

वाचकहो, पिंपरी-चिंचवड म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? कारखान्यांचे भोंगे, पाळीला निघालेले कामगार, मालाने भरलेल्या मोटारी आणि पुलावरची गर्दी. पण याच गावांतून नद्या वाहतात, हे कितीजणांच्या ध्यानात असते? दक्षिणेला मुळा आहे. मधून पवना जाते. उत्तरेच्या कडेने इंद्रायणी जाते. आणखी वर चाकणच्या पलीकडे भामा आहे. पवना मावळातून येते. रावेत, चिंचवड, थेरगाव, पिंपरी, सांगवी अशी गावे धरीत ती दापोडीजवळ मुळेला मिळते. इंद्रायणी लोणावळ्याकडून येते. देहू, मोशी, आळंदी असे करीत ती तुळापूरला भीमेत जाते.

नद्या जुन्याच आहेत. पण नदीकडे जाणारी वाट कोणती, ते आता पुष्कळांना सांगता येत नाही. वाट आहे की नाही, असली तर तिने जावे की न जावे, पाण्यात कुठवर उतरावे, हे कोणी सांगत नाही. आज मी तुम्हांला या वाटांविषयी आणि वाटांवरच्या खुणांविषयी सांगणार आहे. विषय लहान दिसतो. पण त्यात माणसाचा जीव गुंतलेला आहे, बरं का.

एका पाटीची गोष्ट

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या वस्तीत रात्रीचा वर्ग चालवू लागलो. वर्गाला बहुतेक कामगार येत. कोणी परभणीकडचा, कोणी लातूरचा, कोणी थेट बिहारचा नाहीतर ओरिसाचा. दिवसभर यंत्रावर राबून ही माणसे रात्री पाटी-पेन्सिल घेऊन बसत.

एका उन्हाळ्यात बिहारकडचा एक तरुण कामगार नदीत बुडून गेला. गावात येऊन त्याला दोनच महिने झाले होते. रविवारी सुट्टी होती. उकाडा फार होता. अंघोळीला म्हणून तो नदीवर गेला आणि परत आला नाही. त्याचा सोबती माझ्या वर्गाला येई. तो चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला आणि कोपऱ्यात बसून राहिला. वर्ग सुटल्यावर म्हणाला, "गुरुजी, माझ्याबरोबर नदीवर चला. तिथं एक पाटी आहे. तिच्यावर काय लिहिलंय ते मला सांगा."

आम्ही दोघे गेलो. वाटेच्या कडेला झुडपांत एक पत्र्याची पाटी होती. रंग उडाला होता, तरी अक्षरे लागत होती. मी वाचले, "पाणी खोल आहे. कोणी उतरू नये."

तो थोडा वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "एवढंच होतं? आम्ही दोघं या पाटीला कपडे अडकवायचो, गुरुजी."

त्या रात्री मला झोप आली नाही. चाळीस वर्षे मी मुलांना अक्षरे शिकवली. पाटी लावली म्हणजे सांगितले, असे मी धरून चाललो होतो. पण ज्याला वाचता येत नाही, त्याला ती पाटी म्हणजे कपडे अडकवायची खुंटी! मग अशा माणसाला सांगायचे कसे? विचार करता करता मला आपल्या जुन्या लोकांची आठवण झाली.

जुन्या लोकांच्या खुणा

जुन्या काळी वाचणारी माणसे थोडी होती. तरी नदीची वाट कोणी चुकत नसे. का बरे? कारण वाटेवर खुणा होत्या, आणि त्या डोळ्यांना कळत होत्या.

गावातून नदीकडे वाट फुटली की तोंडाशी पिंपळ नाहीतर वड असे. त्याला पार बांधलेला असे. पुढे काठावर शेंदूर लावलेला देव असे. शेंदूर लाल, म्हणून तो दुरून दिसे. घाटाजवळ देऊळ असले तर त्यापुढे दगडी दीपमाळ असे. त्रिपुरी पौर्णिमेला तिच्यावर दिवे लागले की नदीपलीकडच्या माणसालाही देऊळ कुठे आहे, घाट कुठे आहे, ते समजे. जिथे पाणी उथळ असून पायी पलीकडे जाता येई, त्या जागेला 'उतार' म्हणत. जिथे पाणी खोल, त्याला 'डोह' म्हणत. कोणता उतार आणि कोणता डोह, हे लहान पोरालाही ठाऊक असे.

देहूचा डोह तर सर्वांना माहीत आहे. तुकाराम महाराजांच्या गाथेच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात बुडवल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. लोक आजही ती जागा दाखवतात. नाव दिले की जागा विसरत नाही. नाव हीसुद्धा एक खूणच आहे.

चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. तिथे दगडी घाट आहे. घाटाचा उपयोग फक्त बसायला आणि धुणे धुवायला होतो, असे समजू नका. घाटाच्या पायऱ्या म्हणजे नदीची मोजपट्टी. पाणी आज कितव्या पायरीला लागले, हे पाहून म्हातारी माणसे सांगत, "अजून चढणार, गुरं वर घ्या." आजही पवना धरणातून पावसाळ्यात जास्त पाणी सोडले की ते समाधीमंदिरात शिरते. बातमी येते, 'मोरया गोसावी मंदिरात पाणी.' एवढे चार शब्द ऐकले की नदी किती भरली, ते सगळ्या गावाला समजते.

नाशिकला तर याहून गमतीची खूण आहे. तिथे गोदावरीच्या पात्राजवळ मारुतीची एक उंच मूर्ती आहे. तिला दोन तोंडे आहेत, म्हणून लोक तिला दुतोंड्या मारुती म्हणतात. पूर आला की नाशिककर विचारतात, "पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं का? कमरेला? छातीला?" मारुतीच्या अंगावर आकडे लिहिलेले नाहीत. पण गुडघा, कंबर, छाती आणि गळा कोणाला कळत नाही? जवळच नारोशंकराचे मंदिर आहे. ते १७४७ साली बांधले. त्याच्यावर वसईच्या विजयाची आठवण असलेली मोठी घंटा आहे. पुराचे पाणी तिथवर चढले तर घंटा वाजते, असे लोक सांगतात.

वाईला कृष्णाकाठी ढोल्या गणपतीचे देऊळ पाहा. सरदार रास्ते यांनी ते १७६२ साली बांधले. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे. पुराचे पाणी येऊन आदळले की दोन्ही बाजूंना फाटते आणि देवळाला धक्का लागत नाही. भिंत शोभेची आहे आणि कामाचीही आहे. आपल्या पाथरवटांची अक्कल अशी होती.

ही सारी कला कोणासाठी होती? राजवाड्यातल्या दिवाणखान्यासाठी नव्हती. ती येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्यांसाठी होती. पाणी भरणारी बाई, गुरे पाजणारा गुराखी, वारीला निघालेला वारकरी, या सर्वांना ती उपयोगी पडे. म्हणून तिला लोकांची कला म्हणायचे.

वाटा कुठे गेल्या?

मग या वाटा आणि खुणा कुठे गेल्या? हे समजायला थोडा इतिहास पाहू.

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि माळरानावर कारखान्यांची रांग लागली. ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका झाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. पुढे कारखाने चाकणपर्यंत पोचले. २०११ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती सव्वासतरा लाखांच्या घरात गेली होती.

कारखाने आले, पोटाला काम मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. पण त्याबरोबर आणखी काही झाले. शेते गेली आणि त्या जागी इमारती आल्या. इमारतींना कुंपणाच्या भिंती आल्या. घरात नळ आला, म्हणून पाणी भरायला नदीवर जाणे थांबले. जायचे थांबले, तशी वाट मोडली. वाटेवर कोणी राडारोडा टाकला, कोणी फाटक लावले. शहराने नदीकडे पाठ फिरवली. गटाराचे पाणी नदीत गेले. जलपर्णी वाढली. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस दिसू लागला. ज्या नदीकडे कोणी पाहत नाही, तिची अशीच दशा होते.

आणि ज्यांना उतार कोणता, डोह कोणता हे ठाऊक होते, ती जुनी माणसे कमी झाली. नवी माणसे आली, ती शेकडो कोसांवरून. त्यांना नदी माहीत नाही. नदीवर जाण्याची ओढ मात्र त्यांनाही आहे. मोशीला इंद्रायणीच्या घाटावर छठपूजेला उत्तरेकडची कुटुंबे येतात, मावळत्या आणि उगवत्या सूर्याला अर्घ्य देतात. गणपतीला आपण जातो. दहाव्याला जातो. माणूस नदीवर जाणारच. मग त्याला धड वाट नको का?

नदी कोणाची?

आता कोणी विचारील, "काठाची जमीन एखाद्याच्या मालकीची असली, तर त्यातून वाट कशी मागणार?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून कायदा काय म्हणतो ते पाहू.

फार जुन्या काळी रोमच्या राज्यात असा नियम होता की हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा काठ ही सर्वांच्या मालकीची असतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व मानले. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठी एका हॉटेलासाठी नदीचा प्रवाह वळवण्याचा उद्योग झाला होता. १३ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला. त्याचा अर्थ असा, की नद्या, किनारे, जंगले यांची मालकी लोकांची आहे. सरकार हे लोकांच्या वतीने विश्वस्त आहे. विश्वस्ताने ठेव सांभाळायची असते, ती दुसऱ्याला देऊन टाकायची नसते.

आपल्या राज्यात १९६६ चा जमीन महसूल कायदा आहे. त्याच्या २० व्या कलमात सांगितले आहे, की सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा, तसेच नद्या, ओढे, नाले, तळी यांची पात्रे, जी कोणा खासगी माणसाच्या मालकीची नाहीत, ती सरकारची आहेत. म्हणजे नदीचे पात्र आपल्या सर्वांचे आहे.

जुनी वाट खरोखर होती की नाही, हे कसे कळेल? त्यासाठी गावचा नकाशा पाहावा. तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात तो मिळतो. पायवाट तुटक रेघेने दाखवलेली असते. ती रेघ नदीपर्यंत गेलेली दिसली, तर वाट होती असे समजा. शेतातली वहिवाटीची वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याप्रमाणे तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. मात्र तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. शहरात असाल तर महानगरपालिकेकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भांडून फाटक मोडू नका. कागद धरा. कागदाला जोर असतो. आता तुम्ही वाचायला शिकलात, तेव्हा नकाशाला आणि कायद्याला भ्यायचे कारण नाही.

दोन रेषा ध्यानात ठेवा

नदीकाठी दोन रेषा असतात, एक निळी आणि एक लाल. त्या पाटबंधारे खाते ठरवते. पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा पूर जिथवर पोचतो, तिथे निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येईल असा मोठा पूर जिथवर पोचतो, तिथे लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला मनाई आहे. तिथे बाग, मैदान, शेती अशी मोकळी जागा असावी. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधायचे तर निर्बंध पाळावे लागतात.

पण या रेषा कुठे आहेत? त्या कचेरीतल्या नकाशावर आहेत. जमिनीवर फिरणाऱ्या माणसाला त्या बहुधा दिसतच नाहीत. त्याचे फळ काय झाले पाहा. चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत बंगले उभे राहिले. लोकांनी आयुष्याची कमाई त्यांत घातली. प्रकरण हरित न्यायाधिकरणात गेले, सर्वोच्च न्यायालयात गेले. शेवटी मे २०२५ मध्ये महानगरपालिकेने तिथले ३६ बंगले पाडले. दोष कोणाचा किती, तो भाग वेगळा. पण ती निळी रेषा जागेवर दगडाने, रंगाने आखलेली असती, तर घर घेणाऱ्या माणसाने निदान विचारले तरी असते, "ही रेघ कसली?"

दुसरी गोष्ट अधिक दुःखाची आहे. तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवर एक जुना लोखंडी पूल होता. १५ जून २०२५, रविवारचा दिवस. पाऊस पडत होता, नदी भरून वाहत होती. ती पाहायला माणसे पुलावर दाटली. पूल कोसळला. चार माणसे दगावली, कितीतरी जखमी झाली. पूल धोक्याचा आहे, अशी सूचना तिथे होती. पण नुसत्या सूचनेने गर्दी थांबली नाही.

म्हणून मी म्हणतो, वाट दाखवणे आणि धोका दाखवणे ही दोन्ही कामे एकत्र झाली पाहिजेत. "या" म्हणायचे, तसेच "इथपर्यंतच या" हेही म्हणायचे.

परदेशांत काय करतात?

अमेरिकेत सिएटल नावाचे शहर आहे. ते पाण्याने वेढलेले आहे. तिथले शंभराहून अधिक रस्ते सरळ पाण्यापर्यंत जाऊन संपतात. रस्त्याचे हे शेवटचे टोक सर्वांचे असते. पण शेजारच्या लोकांनी तिथे झाडे लावून, गाड्या उभ्या करून ती टोके आपलीशी केली. १९९६ साली नगरपालिकेने ठराव केला, की ही टोके लोकांसाठी मोकळी ठेवायची. मग शेजारपाजारच्या लोकांनी श्रमदान करून पुष्कळ ठिकाणी बाके ठेवली, झाडे लावली, खुणेचे फलक आणि शिल्पे उभारली. कलेचे काम असले की परक्या माणसाला कळते, ही जागा बंद नाही, आपण आत जाऊ शकतो.

त्याच देशात कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तिथे १९७६ साली समुद्रकाठासाठी कायदा झाला. किनाऱ्याच्या वाटेवर एक खूण लावतात. अनवाणी पाऊल आणि त्याबरोबर पाण्याची लाट. बस्स, एवढेच. कोणत्याही भाषेच्या माणसाला ते कळते. तिथेही काही धनिकांनी घरापुढे खोटे मनाईचे फलक लावले होते. लबाडी सगळीकडे सारखीच, नाही का?

जपानात समुद्राच्या प्रचंड लाटा येतात. त्यांना त्सुनामी म्हणतात. १९३३ साली मोठी लाट येऊन गेल्यावर आनेयोशी नावाच्या खेड्यातल्या लोकांनी डोंगराच्या उतारावर एक दगड उभा केला. या दगडाच्या खाली घरे बांधू नका, असे त्याच्यावर कोरले. लोकांनी ते पाळले. ११ मार्च २०११ रोजी भयंकर लाट आली. ती दगडाच्या खालीच थांबली. गावातली घरे वाचली. आजोबांनी उभारलेल्या दगडाने नातवंडांना तारले.

आम्ही काय केले

आता आमच्या वस्तीची हकीकत ऐका. त्या कामगाराच्या मृत्यूनंतर रात्रीच्या वर्गातली माणसे म्हणाली, "गुरुजी, आपण काहीतरी करू." आम्ही रीतसर परवानगी काढली. नदीच्या वाटेवर खुणा करायचे ठरवले.

पहिला वाद झाला, चित्र कोणते काढायचे? एक म्हणाला, देवाचे काढू. दुसरा म्हणाला, "आमच्या पाळीत मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. त्यांनाही वाट आपली वाटली पाहिजे." शेवटी एक म्हातारी मावशी बोलली, "मासा काढा. मासा म्हणजे पाणी, हे कुणाला सांगावं लागत नाही." सर्वांना पटले. वाटेच्या तोंडाशी एक काळा दगड उभा केला. आमच्यातल्या वडार बांधवाने छिन्नी-हातोडीने त्याच्यावर मासा कोरला. पुढे दर पन्नास पावलांवर एक लहान मासा. माशाचे तोंड नदीकडे. म्हणजे जायची दिशाही कळते.

आमच्या हातून चुकाही झाल्या. त्या सांगतो, म्हणजे तुमच्या होणार नाहीत.

पहिली चूक. खोल पाण्याजवळ आम्ही हात वर केलेल्या माणसाचे चित्र काढले. आमच्या मनात होते, 'बुडतो आहे, सावध!' दुसऱ्या दिवशी पोरे म्हणाली, "गुरुजी, इथं पोहायचं आहे ना?" मी हादरलो. चित्र पुसले. मग पाण्यात माणूस काढला, आणि त्याच्यावर लाल रंगाची मोठी फुली मारली. पाच पोरांना आणि पाच नव्या कामगारांना दाखवून विचारले, "यात काय सांगितलंय?" दहाही जणांनी बरोबर सांगितले, तेव्हाच ते भिंतीवर चढवले. चित्र काढणाऱ्याला कळून भागत नाही, पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

दुसरी चूक. पायऱ्यांवर आम्ही तेलाचा रंग दिला. हिरव्या, पिवळ्या, लाल पायऱ्या छान दिसल्या. पहिला पाऊस पडला आणि एक आजोबा घसरून पडले. पायाला फार लागले. रंगलेला ओला दगड निसरडा होतो, हे आमच्या ध्यानातच आले नाही. आम्ही पायरीच्या माथ्यावरचा रंग खरवडून काढला. रंग फक्त पायरीच्या उभ्या बाजूला ठेवला. पाय टेकतो तिथे रंग देऊ नये.

उभ्या बाजूचे रंग असे आहेत. वरच्या पायऱ्या हिरव्या. पाणी तिथे नाही तोवर खुशाल बसा. मधल्या पिवळ्या. पाणी पिवळ्याला लागले की मुलांना वर घ्या. वरून पहिल्या पिवळ्या पायरीच्या बाजूलाच खांबावर लाल पट्टा आहे. पाणी तिथे आले की घाट सोडा. धरणातून पाणी सोडले की नदी पाहता पाहता चढते. आकाशात ढग नसला तरी चढते. हे नव्या माणसाला ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट. जुन्या घाटाला, वीरगळाला, कोरीव मूर्तीला आम्ही हात लावला नाही. तिथे तेलाचा रंग फासला तर दगडाचे कोरीव काम बुजते आणि पुन्हा निघत नाही. नवी खूण नव्या दगडावर करावी.

चौथी गोष्ट. चुन्याची खूण एका पावसाळ्यात जाते. रंग दोन-चार वर्षांत उडतो. कोरलेली रेघ टिकते. म्हणून आधी कोरायचे आणि मग कोरलेल्या खाचेत रंग भरायचा. रंग गेला तरी खूण राहते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एक दिवस ठरवून आम्ही सारे जमतो. झुडपे तोडतो, खुणा धुतो, रंग भरतो. बायका वाटेवर रांगोळी घालतात. त्या निमित्ताने काठावरचा कचराही उचलला जातो. वाट वापरात राहिली म्हणजे तिची निगा राहते, आणि नदीकडे चार डोळे लागून राहतात. कोणी राडारोडा टाकायला आला तर विचारणारे कोणीतरी असते.

नदी अजून स्वच्छ झालेली नाही, हे मी लपवत नाही. खुणेच्या दगडाने गटाराचे पाणी थांबत नाही. ते काम महानगरपालिकेचे, कारखान्यांचे आणि सरकारचे आहे. पण जो माणूस कधी नदीवर गेलाच नाही, तो त्यासाठी आवाज कसा उठवणार?

शेवटी एक सांगतो. तो बिहारचा सोबती अजून वर्गाला येतो. आता त्याला मराठी वाचता येते. ती जुनी पत्र्याची पाटी आम्ही काढली नाही. ती नीट उभी केली. तिच्यावरची अक्षरे त्याने स्वतः नव्या रंगाने गिरवली. खाली चित्र आणि लाल फुली काढली. मग आपल्या भाषेतही तेच वाक्य लिहिले. लिहून झाल्यावर ब्रश पुसत म्हणाला, "गुरुजी, आता हिच्यावर कोणी कपडे अडकवणार नाही."

विचार करा आणि सांगा

१. तुमच्या वस्तीतून नदी, ओढा किंवा तळे यांकडे जाणारी वाट कोणती? ती आज मोकळी आहे का?
२. तुमच्या घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारा, मोठा पूर कोणत्या साली आला होता आणि पाणी कुठपर्यंत चढले होते? ती जागा पाहून या.
३. निळी रेषा आणि लाल रेषा म्हणजे काय, ते शेजाऱ्याला समजावून सांगा.
४. 'येथे पाणी खोल आहे' हे एकही अक्षर न लिहिता चित्राने दाखवा. मग पाच जणांना विचारा, त्यांना काय समजले?